पोहायला जाण्याचं क्रियापद

५ फेब्रुवारी १९५९, तुळजापूर

आज हेडमास्तर महालिंगप्पांनी ऑफिसात बोलावलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत सांगितलं, की वीस मार्चला इन्स्पेक्टरसाहेब येणार आणि माझा इंग्रजीचा तास बघणार. तास चांगला झाला तर मी कायम. नाही झाला तर 'बघू'. निजाम गेला, मग हैदराबाद स्टेट गेलं, आता मुंबई राज्य आलं. माझं टेंपररीपण तेवढं कुठं गेलं नाही.

धड्याचं नाव मी दोनदा विचारून घेतलं. 'गेम्स अँड स्पोर्ट्स'. साहेब स्वतः खेळाडू आहेत म्हणे. खेळाबद्दल बोलताना मास्तरानं क्रियापद चुकवलं की त्यांचं डोकं फिरतं. मी आयुष्यात एकही खेळ खेळलेलो नाही. शाळेत पोरं चेंडूमागं पळायची तेव्हा मी लिंबाखाली बसून त्यांच्या सावल्या बघायचो. अजूनही तेच करतो, फक्त आता त्याला सुपरव्हिजन म्हणतात.

घरी येऊन चारूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." भाद्रपदात आमचं बाळ गेलं, तिसऱ्याच दिवशी, नाव ठेवायच्या आत. तेव्हापासून चारू सगळ्याला 'बरं' म्हणते. घरातलं सगळं करते, स्वयंपाकाला चव असते, आईचे पाय चेपते. पण तिच्याशी बोलताना वाटतं, ही नदीच्या त्या काठाला उभी आहे आणि आपला आवाज वाऱ्यानं भलतीकडंच चाललाय. मला इन्स्पेक्टरची भीती वाटते हे खरं. चारू अशीच लांब लांब जात राहील, याची भीती त्याहून मोठी आहे. ती कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहितो.

८ फेब्रुवारी

रविवार. दिवसभर जुनं व्याकरण घेऊन ओसरीवर बसलो. नियम तसा सोपा आहे. चेंडू असेल, दोन बाजू असतील, हारजीत असेल, तिथं 'प्ले'. आपलं आपणच अंग मोडायचं, दंडबैठका, कसरती, तिथं 'डू'. आणि ज्याच्यासाठी उठून कुठंतरी जावं लागतं, डोंगरावर, रानात, पाण्यात, तिथं 'गो'.

ऊन भिंतीवर चढत गेलं आणि मला सगळं गावच या तीन क्रियापदांत वाटून टाकावंसं वाटायला लागलं. बालाघाटाच्या कडेला चरणाऱ्या शेळ्या: गो. देवळात पूजेला बसलेले भोपे: डू. महालिंगप्पा आणि त्यांचा पेपरवेट: प्ले. मी कशात बसतो ते काही ठरेना. ठरवता ठरवता डोळा लागला आणि चहा गार झाला.

११ फेब्रुवारी

एक युक्ती सुचली. तासाची तालीम घरातच करायची. वर्ग म्हणून चारू. ती सातवी पास आहे, इंग्रजी मुळाक्षरं येतात. निदान त्या निमित्तानं 'बरं' सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून निघेल.

शाळेतून आल्यावर तक्ता भिंतीला टेकवला. चारू समोर पाटावर बसली. आई पलीकडं सुपात ज्वारी निवडत होती. मी फुटबॉल, हॉकी, कुस्ती, लेझीम सगळं सांगितलं. चारू तक्त्यावरचं एकेक नाव ओठांत वाचत होती. मग म्हणाली, "अहो, फुगडी?"

"फुगडीचं काय?"

"फुगडी आपण घालतो. खेळत न्हाय. मग इंग्रजीत काय घालायचं?"

पाच-सहा महिन्यांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं. म्हटलं, बघून सांगतो.

आई सूप न थांबवता म्हणाली, "आन् देवीपुढं आराधिणी खेळतात त्याला काय म्हनायचं रं? तितं कोन हारतं, कोन जिंकतं?"

"ते साहेब विचारणार नाहीत."

"न इचारलेलंच बरं," आई म्हणाली.

चारूच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी हललं. त्याला हसू म्हणायचं धाडस होत नाही, पण हललं एवढं नक्की.

१२ फेब्रुवारी

फुगडीला क्रियापद सापडत नाही. शाळेतल्या डिक्शनरीत फुगडीच नाही.

१५ फेब्रुवारी

आज तिनं विचारलं, "पोहण्याला 'गो' का?"

मी म्हटलं, त्यासाठी घरातून निघून पाण्यापाशी जावं लागतं म्हणून. ती म्हणाली, "पन पान्यात गेल्यावर तर आपन कुठंच जात न्हाय. पानीच सगळं घेऊन जातं." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं रांजणात हात बुडवून उभी होती. तांब्या बाजूलाच होता. तिला पाणी प्यायचं नव्हतं. मी दारातून बघत राहिलो.

चारू जळकोटची. मळ्यात त्यांची मोठी बांधीव विहीर आहे. लग्नात तिचा भाऊ सिदू मला अभिमानानं सांगत होता, "दाजी, आमची चारू हिरीच्या काठच्या थारोळ्यावरनं उडी मारती अन् तळाचा चिखल मुठीत धरूनच वर येती." मला पोहता येत नाही हे तेव्हा मी त्याला सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. इथं तुळजापुरात तीर्थात यात्रेकरू आंघोळी करतात. सुनांनी पोहायचं म्हणजे काही विचारूच नका.

आणि बाळ गेल्यापासून तर आईनं तिला पाण्याजवळही जाऊ दिलेलं नाही. पाण्यात साती आसरा असतात, सात बहिणी, आणि लेकरू गेलेल्या बाईला त्या बोलावून घेतात, असं आई मानते. आडाचं पाणी या वयात आई स्वतः शेंदते. धाप लागते तरी दोर चारूच्या हातात देत नाही. मी बी.ए. झालेला माणूस. माझा आसरांवर विश्वास नाही. पण आईशी वाद घालायची माझी टाप नाही, म्हणून विश्वास असल्यासारखा वागतो. आईचं वागणं मला कधीकधी फार कठोर वाटतं, हेही आज लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी

आज तालमीत नवीन प्रकार केला. तक्ता उलटा ठेवला आणि चारूला म्हटलं, आता तू तुझं एक वाक्य सांग. कुठलाही खेळ घे, क्रियापद बरोबर हवं.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आठवतेय. मग अगदी हळू म्हणाली, "आय गो स्विमिंग."

"शाब्बास," मी म्हटलं.

तिनं परत म्हटलं. मग न सांगता तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. आवाज ओळखीचा होता, लग्न झालं तेव्हाचा.

आईचं सूप थांबलं. "काय म्हनली ती?"

"म्हणाली, मी पोहायला जाते."

"ती म्हनली, का तू म्हनायला लावलंस?"

"क्रियापद मी दिलेलं आहे. वाक्य तिचं."

आई उठली. अर्धी ज्वारी तशीच टाकून देव्हाऱ्यापाशी जाऊन हात जोडून उभी राहिली. आईला हे इंग्रजीचं प्रकरण आवडत नसावं. मी आवाज खाली आणला आणि चारूला समजावलं, की वाक्य बरोबर आहे, पण हे रोज किंवा नेहमी जाणाऱ्यानं म्हणायचं वाक्य आहे. माणूस जात नसेल तर त्यानं असं म्हणू नये. तिनं मान हलवली.

"बरं," म्हणाली. तालीम तिथंच संपली. कुठं चुकलं कळलं नाही.

२ मार्च

आईनं आज विचारलं, "जळकोटवरनं जानारी गाडी सकाळी किती वाजता सुटती रं?" कशाला, म्हटलं. तर म्हणाली, "आसंच." मग विचारलं, "ह्या म्हयन्यातला तिसरा शुक्रवार कधी येतो?" मी म्हटलं, वीसला. नेमका माझ्या तपासणीचा दिवस.

संध्याकाळी पेठेतून खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या घेऊन आली. मला भरून आलं. बोलत नाही, पण आईनं माझ्या नोकरीसाठी काहीतरी नवस बोललेला दिसतो. जळकोटकडं एखादं कडक दैवत असेल. तपासणीच्या दिवसाचीच गाठ घातली, यावरून तिचं माझ्यावर किती लक्ष आहे ते कळतं. परवा मी तिला कठोर लिहिलं, ते वाईट केलं.

९ मार्च

शेजारच्या प्रेमाबाई शिवरात्रीला येडशीच्या रामलिंगाला जाऊन आल्या. आईनं त्यांच्याकडून तिथल्या ओढ्यातले गुळगुळीत गोटे मागवले होते. सात. धुऊन उन्हात मांडून ठेवलेत. या वयात आईला सागरगोटे खेळायची हौस आली की काय, आणि सागरगोटे प्ले की डू, यावर मी थोडा वेळ विचार केला. हारजीत असते, तेव्हा प्ले.

चारू त्या गोट्यांजवळ बसली होती. एकेक उचलून तळहातावर घ्यायची आणि परत जागेवर ठेवायची. डोळे ओले होते. चुलीत ओलं लाकूड होतं, धूर फार झाला होता.

१४ मार्च

शनिवार, सकाळची शाळा. दुपारी जेवून पडलो आणि स्वप्न पडलं. वर्गात पाणी शिरलं होतं, हिरवं, स्वच्छ. पोरं बाकांवर बसलेली, घाबरलेलं कुणी नाही. मी फळ्यावर लिहायचो आणि अक्षरं खडूपासून सुटून माशांसारखी वर निघून जायची. शेवटच्या बाकावर चारू. तिला उत्तर येत होतं पण हात वर करत नव्हती. मला तिच्यापर्यंत जायचं होतं आणि पाण्यात चालायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

उठलो तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं. चारू पंख्यानं वारा घालत होती. किती वेळ घालत होती कोण जाणे. "काय बडबडत होतात," तिनं विचारलं. मी म्हटलं, धडा.

१९ मार्च

उद्या. तक्ते तयार, कोट इस्त्रीचा. आई म्हणाली, पहाटेच उठून दहीभात करते. शाळेत निघताना हातावर दही घालतात ते ठाऊक आहे, भात कशाला ते कळत नाही. फार हौसेनं करतेय, म्हणून विचारलं नाही.

चारूनं निजायच्या आधी माझ्या कोटाचं सैल बटण शिवून दिलं. दोरा दातानं तोडताना म्हणाली, "घाबरू नका. तुम्हाला येतंय सगळं." इतक्या महिन्यांत माझ्याकडं तिनं असं सरळ बघितलं नव्हतं. मी 'बरं' म्हणालो.

२० मार्च, दुपार, मोटार स्टँड

गाडीला अवकाश आहे. म्हणून लिहीत बसलो आहे.

तास बरा झाला. पोरं चुकली नाहीत. मीही चुकलो नाही. शेवटी इन्स्पेक्टरसाहेब उठले, उंच माणूस, आणि इंग्रजीत म्हणाले, पोरांचं कळलं, मास्तर, तुम्ही स्वतः काय करता? प्ले, डू की गो? सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण तोंडातून निघालं, "सर, आय वॉच." साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग, तेही क्रियापदच आहे म्हणा, असं काहीसं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते महालिंगप्पांनाही दिसलं नाही.

घरी आलो तर कुलूप. प्रेमाबाई किल्ली घेऊन आल्या. "सासूसुना सकाळच्याच गाडीनं जळकोटला गेल्या की. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, समदं घेऊन. तुमाला म्हायती न्हाय व्हय?"

मला माहीत नव्हतं. नवस नव्हता तो. जळकोट म्हणजे चारूचं माहेर, एवढं माझ्या डोक्यात इतके दिवस शिरलं नाही. लेकरू टिकलं नाही आणि सून बोलत नाही, अशा सुना या गल्लीतून माहेरी पोचवलेल्या मी पाहिल्या आहेत. पोचवताना ओटी भरूनच पोचवतात, मोठ्या मानानं. चारूला हे ठाऊक असणार. म्हणून तर काल बटण शिवलं आणि सरळ बघितलं.

साहेबांनी कागदावर काय लिहिलं असेल ते असो. चारू परत आली नाही तर कायम होऊन मी काय करू? आयुष्यभर बघत बसलो. आज मला बघत बसायचं नाही. पण गाडीच येत नाही, म्हणून बसलो आहे.

२१ मार्च, जळकोट

कालचं आज लिहितो.

गाडी सडकेवर थांबली तेव्हा उन्हं कलली होती. सिदू बैल घेऊन मळ्याकडंच निघाला होता. मला बघून म्हणाला, "या दाजी. समद्याजनी हिरीवर हायेत."

विहिरीवर, एवढंच ऐकलं. बाई गप्प असते, महिनोन् महिने गप्प असते, आणि एक दिवस विहिरीवर जाते, असं आमच्या मुलखात किती ऐकलंय. मी कोटासकट नांगरटीतून पळत सुटलो. दोनदा पडलो. शाळेत असतो तर पोरं हसली असती.

आई थारोळ्याजवळ दगडावर पाय पसरून निवांत बसली होती. तिच्यासमोर ते सात गोटे ओळीनं मांडलेले, हळदीकुंकू लावलेले. खण, बांगड्या, फोडलेला नारळ, पळसाच्या पानावर दहीभात.

"चारू कुठं आहे?"

"हाय की," आई म्हणाली आणि खाली बोट केलं.

खाली हिरवं पाणी, त्यावर उन्हाचा तिरका पट्टा. त्या पट्ट्यात काष्टा मारलेली चारू, पालथी, सावकाश हात मारत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं चालली होती. घाई नव्हती. भिंतीला हात लावून वळायची आणि परत निघायची. मी आईशेजारी मातीतच बसलो.

"आई, तिला माहेरी सोडायला आणलंस ना?"

"सोडायला? कुनी सांगितलं तुला?" आई माझ्या मळक्या कोटाकडं बघत होती. "पान्यावर आनली तिला. आसरांची ओटी भरायची व्हती, ती तिसऱ्या शुक्रवारीच भरत्यात. ती भरल्याबिगर पान्यात जाता येत न्हाय, आन् बाईनं सोताच्या तोंडानं पानी मागितल्याबिगर ओटी भरता येत न्हाय. दुसऱ्यानं म्हनून चालत न्हाय त्यात. आसं झालेल्या बाईला पानी नको वाटतं, सोताचं अंगबी नको वाटतं. सहा म्हयने वाट बघितली म्या, कधी मागती म्हनून. तुझ्याआधी माजी दोन गेली. मला मागायला दोन वरसं लागली व्हती." तिनं एक गोटा ओळीत सरकवला. "हिनं तुझ्या विंग्रजीत मागितलं. आसरांना कळलं आसंल, न्हाय कळलं आसंल, मला कळलं."

सहा महिने ती आडाचं पाणी स्वतः शेंदत होती ते हे. मी तिच्या पायांवर हात ठेवला. टाचा भेगाळलेल्या आहेत, कधी बघितल्या नव्हत्या.

"मी तिला म्हणालो होतो, की रोज जाणाऱ्यानंच ते वाक्य म्हणायचं."

"मग जाऊ दे की रोज. शिमगा हुईपतुर ऱ्हाऊ दे हितं."

खाली चारूनं बुडी मारली. पाणी मिटलं. मी उठून उभा राहिलो, आई बसूनच होती. बऱ्याच वेळानं चारू वर आली, केस कपाळाला चिकटलेले, मूठ वर धरलेली, मुठीत काळा चिखल. मला बघितलं.

"अहो, तास कसा झाला?"

"बरा झाला."

"मग या की."

"मला येत नाही," मी म्हणालो. सिदू मागंच उभा होता. लग्नापासून लपवलेलं एवढं एका वाक्यात संपलं. सिदू हसला नाही. खोपटातून एक मोठा वाळका भोपळा आणि दोर घेऊन आला. "ल्हानपनी समदे ह्येच्यावरच शिकत्यात," म्हणाला आणि पोरासारखा माझ्या पाठीला तो भोपळा बांधला. आईनं कोट घडी करून मांडीवर घेतला.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग छातीला, आणि श्वास अडला. मी पायरीचा दगड घट्ट धरून ठेवला. चारू जवळ आली. तिनं माझ्या पोटाखाली तळहात धरला.

"पाय हलवा. जोरात न्हाय. निजल्यासारखं."

मी हलवले. वर आकाशाचा चौकोन, त्यात आई. आवाज भिंतींना लागून परत यायचे, म्हणून चारू हळू बोलत होती.

"पोटात आसताना लई पोहायचा तो," चारू म्हणाली. "तुम्ही निजलेले आसायचा. मी पोटावर हात ठिवून बघायची, ह्या कडंनं त्या कडंला. सूर मारायचा. तुम्हाला कधी सांगितलं न्हाय."

बाळाबद्दल ती पहिल्यांदा बोलली. 'तो' म्हणाली. मला रडू फुटलं आणि नाकात पाणी गेलं. तिचा तळहात होता तिथंच होता.

"मला सांग," मी म्हणालो. "सगळं सांग."

"सांगते," ती म्हणाली. "आधी पायरी सोडा."

मी सोडली.